खडकावर एकच माळ

१

सोमवारी सकाळी सुनेच्या केसांना तेल लावता लावता फुआतिनोला पालोलोचा वास आला, आणि तिचा हात थांबला.

वास यायला तशी हरकत नव्हती. दिवस तेच होते. वर्षातून एका पहाटे समुद्रातल्या खडकातून लांबट किड्यांची झुंबड वर यायची, तो पालोलो, आणि गाव तो बादल्या भरभरून आणून खायचं. पुनव होऊन चार दिवस झाले होते, मोसोओईच्या झाडांना पिवळी लांबट फुलं लोंबत होती आणि हिरव्या चाफ्यासारखी सगळ्या बेटावर घमघमत होती. पण पालोलोचा वास येतो तो आदल्या दिवशी, तीन दिवस आधी नाही. आणि येतो तो समुद्रावरून. आज वारा डोंगराकडून खाली वाहत होता. घराचे झावळ्यांचे पडदे समुद्राच्या बाजूला फुगले होते, चुलीच्या खोपीतला धूर सरळ पाण्याकडे चालला होता. अशा वाऱ्यात समुद्राचा वास घरात येईल कसा?

ओल्या दगडाचा, कच्च्या अंड्याचा, आणि त्या दोन्हींच्या मागून फुलाचा. तोच वास. दुसरा असणं शक्य नव्हतं. अख्खं गाव या नाकावर विसंबून होतं. बाकीचे लोक चंद्र मोजायचे, बोटं मोडायचे, भांडायचे. फुआतिनो किनाऱ्यावरच्या दगडावर बसून एकदा हुंगायची आणि सांगायची, उद्या. मग दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गाव कंदील घेऊन खडकाकडे निघायचं. ती एक पहाट हुकली की वर्ष हुकलं.

"काय झालं, आई?" लेइतूने मान न वळवता विचारलं.

"काही नाही. तेल संपलं."

बाटली अर्धी भरलेली होती.

२

फुआतिनो भुताखेतांना भिणारी नव्हती. वास आला म्हणजे वासाला कारण आहे, ते शोधायचं. तिने माशांची टोपली उपडी केली. छपरात उंदीर मेलाय का ते काठीने ढोसून पाहिलं. डुकरांच्या कुंपणापर्यंत जाऊन आली. शेवटी आपलेच हात हुंगले. म्हातारपणी माणसाला स्वतःचाच वास येतो आणि तो दुसऱ्याचा वाटतो, असं तिची सासू म्हणायची.

वास घरातूनच येत होता. चार भिंती नसलेलं घर ते, नुसते खांब, वर छप्पर; लपायला जागा कुठली? एका खांबाशी रात्रीच्या चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या. फुआतिनोने लेइतूची चटई उलगडली.

आत माळ होती. मोसोओईच्या फुलांची.

पालोलोच्या पहाटे प्रत्येकाच्या गळ्यात ही माळ असते. पालोलो फुलांच्या वासाला येतो म्हणतात. आणि पाण्यातून बाहेर पडताना माळ काढून समुद्राला द्यायची असते. लहान पोरांनाही ते सांगावं लागत नाही. बोलावणं केलं, पाहुणे आले, जेवण झालं. आता ते बोलावणं घरी न्यायचं नाही.

ही माळ फुआतिनोने ओळखली, कारण ती तिनेच ओवली होती. मधे लाल बी घातलं होतं, आपला मुलगा सेमिसी गर्दीत दुरून ओळखू यावा म्हणून. मागच्या वर्षीच्या पालोलोला सेमिसी ती घालून गेला, आणि जिथे खडक फुटून खोल पाणी सुरू होतं तिथपर्यंत पुढे गेला. परत आला नाही. त्याची बादली सापडली, काठोकाठ भरलेली. माळ तरंगत आली ती लेइतूच्याच हाताला येऊन अडकली. तो नाही सापडला.

वर्ष उलटून गेलं होतं. फुआतिनोने एक फूल नखाने दाबलं. आतून पाणी आलं.

३

लेइतू घराच्या कडेला बसून झावळी विणत होती. तोंड समुद्राकडे, पाठ घराकडे. गेले काही दिवस ती अशीच बसायची. उजेड तिकडून चांगला येतो, म्हणायची, आणि ते खरंही होतं.

"ही माळ इथे कशी?"

"त्यांची आहे ती."

"ते मला कळतं गं. मीच ओवलीय. घरात का ठेवलीस? ती टाकायची असते."

"टाकली होती," लेइतू म्हणाली. तिचे हात चालूच होते. "दोनदा टाकली. धुणं धुवायला पाण्यात उतरले की पायाशी येते. मग म्हटलं, राहू दे."

"आणि फुलं? वर्षाची फुलं अशी राहतात होय?"

"मलाही नवलच वाटतं, आई."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. फुआतिनोने विषय बदलला. शनिवारी लेइतूचा भाऊ अलापाती तिला न्यायला येणार होता. लेइतूचं माहेर दुसऱ्या बेटावर, वर डोंगरात. तिथून समुद्र दिसतही नाही. सेमिसी गेला तेव्हाच अलापाती म्हणाला होता, "चल घरी." लेइतू म्हणाली, "वर्षभर आईजवळ राहते." अलापातीने फुआतिनोचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, "म्हातारे, माझी बहीण धड परत दे. तुझं समुद्राने नेलं, माझं नेऊ देऊ नकोस." आणि फुआतिनोने शब्द दिला होता.

"शनिवारी अलापाती येईल. तुझ्या चटया बांधून ठेव."

"हो."

"तिकडे गेलीस की वहिनीशी भांडू नकोस. तिच्या हातचं अळू खाज आणतं, पण तोंडावर म्हणायचं नाही. पाठीमागे म्हण."

लेइतू हसली. खांदे हलले, म्हणून कळलं. मग तिने विचारलं, "पालोलो कधी आहे, आई?"

"कळेल तेव्हा सांगीन."

फुआतिनो तिचे केस बांधायला मागे बसली. केस वर उचलले तर मानेवर तीळ होते. तीन. एका ओळीत, वाळूच्या कणाएवढे, काळेभोर. वर्षभर रोज ती या मानेवर तेल चोळत होती. हे तीळ काल नव्हते.

बोटाने पुसून पाहिले. गेले नाहीत. फुआतिनोने बोट मागे घेतलं, कारण बोटाखाली काहीतरी मिटल्यासारखं झालं होतं.

४

माळ तिने चुलीच्या खोपीत नेली, खड्ड्यातले भाजायचे दगड बाजूला केले, तळाशी माळ ठेवली आणि वर दगड रचले. मग वास गेला. किंवा तिला तसं वाटलं. ते दोन दिवस तिने लेइतूला नजरेआड होऊ दिलं नाही.

बुधवारी सकाळी वारा फिरला आणि खरा वास आला. समुद्रावरून, जसा यायला हवा तसा, दाट. पाण्यावर तपकिरी फेसाचा पट्टा दिसत होता. उद्या. गुरुवारची पहाट. याबाबत फुआतिनोच्या मनात तीळभर शंका नव्हती.

थोड्याच वेळात कुळप्रमुख लाउपामा आला. त्याच्या मागून शेजारीण तालिंगी आली, कारण जिथे लाउपामा जाईल तिथे तालिंगीला काम निघायचं.

"काय म्हणतंय नाक?" लाउपामाने बसत विचारलं.

"आधी नारळ पी. घामाने माझी चटई भिजवलीस."

"आत्या, चटई नवी देतो, दिवस सांग."

फुआतिनोने खाली बघितलं. पलीकडे लेइतू बसली होती, पाठमोरी. हात विणायचे थांबले होते.

तिला आईने शिकवलेलं सगळं आठवत होतं. पालोलो वर येतो तो पुरा येत नाही. त्याचं डोकं खाली खडकाच्या भोकातच राहतं. मागचं अर्धं अंग तेवढं सुटून वर येतं, लग्नाला. नर तांबूस, मादी निळी-हिरवी. त्या अर्ध्या अंगाला तोंड नसतं. पण अंगभर काळे ठिपके असतात, तेच डोळे. आणि ते एकमेकांना बोलावतात ते वासाने. आधी एक फुटतो, त्याचा वास पाण्यात पसरतो, तो लागला की शेजारचा फुटतो, मग त्याच्या शेजारचा. एकाचं बोलावणं लागलं की दुसऱ्याला थांबता येत नाही. लहान असताना सेमिसीने विचारलं होतं, "पण आई, डोकं तर खाली. मग जायचं की नाही हे ठरवतं कोण?" तेव्हा ती हसली होती.

"उद्या नाही," फुआतिनो म्हणाली. "परवा. शुक्रवारी."

"शुक्रवारी?" तालिंगी म्हणाली. "अगं, माझ्या परड्यातले खेकडे आजच निघाले समुद्राकडे. दाराशी रांग लागलीय. पाय ठेवायला जागा नाही."

"मग खेकड्यांना विचारून जा."

"आणि तो फेस?"

"तुझ्या नवऱ्याने धुतली असेल लुंगी."

लाउपामा मोठ्याने हसला. "चाळीस वर्षांत हे नाक चुकलं नाही, तालिंगी. तुझे खेकडे पहिल्यांदाच बोलतायत. शुक्रवारी." तो उठला. गावात दवंडी गेली.

फुआतिनोचा हिशेब सरळ होता. गुरुवारी पहाटे शंख वाजणार नाही, कंदील लागणार नाहीत, पोरं ओरडणार नाहीत, माळा ओवल्या जाणार नाहीत. लेइतूला कळणारही नाही आणि ती पहाट निजेतच निघून जाईल. शुक्रवारी गाव रिकाम्या पाण्यात उभं राहील, शिव्या देईल. देऊ दे. शनिवारी अलापाती येईल. एका वर्षाच्या जेवणापेक्षा पोर मोठी.

५

संध्याकाळी प्रार्थनेचा शंख झाला, गाव घराघरांत बसलं, गाणी झाली. जेवणात नीरफणस आणि खोबऱ्याच्या दुधातलं अळू होतं. लेइतू नीट जेवली. पाठमोरीच बसून जेवली, पण जेवली.

"तोंड इकडे कर ना गं, एकटीच जेवतेय असं वाटतं मला."

"इकडून वारा लागतो, आई."

निजताना फुआतिनोने एक जुनी लुंगी पिळून तिचं एक टोक लेइतूच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं आपल्या. सेमिसी रांगायचा तेव्हा ती असंच करायची. उघडं घर, खाली समुद्र.

"मी काय तान्ही आहे?" लेइतू म्हणाली.

"मी आहे म्हातारी. मला भीती वाटते. झोप."

फुआतिनो जागीच राहणार होती. कोण सांगू शकतं आपल्याला डोळा कधी लागला ते?

६

जाग आली ती वासाने. उशाशी कुणी ओली टोपली ठेवावी इतक्या जवळून.

अंधार पातळ झाला होता. अर्धा चंद्र छपराच्या कडेला होता. फुआतिनोने मनगट ओढलं. लुंगी ताणली गेली, पलीकडे जड काहीतरी होतं. हायसं वाटून ती म्हणाली, "जागी आहेस का गं?" आणि लुंगीवरून हात सरकवत नेला. हाताला लाकूड लागलं.

दुसरं टोक खांबाला बांधलेलं होतं.

सुटली, उठली, खांबाला बांधून गेली. यात अघटित काय आहे, असं फुआतिनो स्वतःला म्हणाली. पण ती गाठ तिच्या बोटांखाली होती, आणि बोटं तिला काही वेगळं सांगत होती. ती जाळ्याची गाठ होती. दोनदा फिरवून आतून काढलेली, मासेमारांची. लेइतू डोंगरातली. वर्षानुवर्षं शिकवूनही तिला ती गाठ जमली नव्हती. सेमिसी तिला त्यावरून चिडवायचा. या घरात ती गाठ बांधणारा एकच होता.

खोपीत दगड बाजूला नीट रचून ठेवलेले होते. माळ नव्हती.

७

पायवाटेवर खेकडे होते, आणि सगळे एकाच दिशेने चालले होते. फुआतिनो त्यांच्यातूनच धावली. दोन्ही बाजूंना घरं शांत निजलेली होती. एकाही घरात दिवा नव्हता, आणि तो तिच्याच शब्दामुळे नव्हता. लाउपामाच्या घरापाशी ती थांबली. हाक मारावी. पण काय म्हणून? मी खोटं बोलले, उठा? तेवढ्या वेळात लेइतू अजून चार पावलं लांब जाईल, असं म्हणून ती पुढे गेली. त्या चार पावलांचा विचार तिने नंतर फार केला.

ओहोटी होती. खडकापर्यंत कमरेएवढं पाणी, खडकावर गुडघ्याएवढं. चालताना पायांना काहीतरी लागायला लागलं, केसांसारखं. मग शेवयांसारखं. मग पाणी पाणी राहिलंच नाही. पालोलो वर आला होता. इतका आला होता की फुआतिनोने जन्मात पाहिला नव्हता. चंद्राच्या उजेडात अख्खा समुद्र हलत होता, आणि आवाज नव्हता. एरवी या वेळी इथे दोनशे माणसं असतात. हसतात, एकमेकांवर पाणी उडवतात, नवरा-बायको बादलीवरून भांडतात. दोनशे गळ्यांत दोनशे माळा असतात.

तेव्हा तिला कळलं आपण काय करून ठेवलं ते. दोनशे माळा असल्या की बोलावणं दोनशे जणांत वाटलं जातं. कुणाच्या वाट्याला काय, मूठभर. आज खडकावर एकच माळ होती.

लेइतू खडकाच्या कडेला उभी होती. तिच्यापासून चार पावलांवर खोल पाणी. गळ्यात माळ, मधलं लाल बी इथूनही दिसत होतं. सगळा पालोलो तिच्याभोवती गोल फिरत होता.

आणि तिच्या शेजारी एक माणूस उभा होता.

पाठमोरा. कमरेपासून खाली गोंदण. डाव्या खांद्यावर कोयत्याचा वण. नऊ वर्षांचा असताना नारळ सोलताना लागला होता, तिनेच त्यात चुना भरला होता. आईला पाठ पुरते. तोंड कशाला लागतं?

"सेमिसी," ती म्हणाली.

तो हलला नाही. ती पाण्यातून पुढे गेली. रागच आला तिला, वर्षभराचा. "आईकडे बघत नाहीस?" म्हणत ती त्याला वळसा घालून समोर गेली.

समोर पाठ होती. डाव्या खांद्यावर वण.

आपण वाट चुकलो, पायाखालचा खडक निसरडा आहे, फिरलोच नाही, असं ती स्वतःला म्हणाली. पुन्हा वळसा घातला, मोजून, लेइतूच्या उजवीकडून निघून डावीकडे आली. पाठ. तोच वण, तोच खांदा. वणाभोवती काळे ठिपके होते, खांद्यापासून कमरेपर्यंत ओळीने, पूर्वी नसलेले. आणि ती जिकडे सरकत होती तिकडे ते ठिपके सरकत होते.

तेव्हा तिने त्याच्याकडे बघणं सोडलं. लेइतूचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि ओढत सुटली. माळ हिसकली, तुटली, फुलं पाण्यात सांडली. मागून हाक आली नाही. पाण्याचाही आवाज आला नाही. नुसता वास आला, एकदम, दाट, काहीतरी फुटल्यासारखा. आणि तिच्या मुठीतलं मनगट क्षणभर ढिलं पडलं, गाठ सुटावी तसं.

मग पुन्हा घट्ट झालं, आणि लेइतू तिच्याबरोबर चालायला लागली.

८

किनाऱ्याला लागेपर्यंत उजाडलं. ऊन पडलं की पालोलो विरघळतो. मागे समुद्र दुधासारखा झाला होता, आणि खडकावर कुणी नव्हतं.

"चल पुढे," फुआतिनो धापा टाकत म्हणाली, आणि लेइतू पुढे झाली. ओले केस पाठीवर, पावलं नीट, ना घाई ना संथ. घर येईपर्यंत फुआतिनो देवाचे आभार मानत होती. घराची पायरी आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, एवढ्या वाटेत आपण पोरीचं तोंड पाहिलेलं नाही.

लेइतू घराच्या कडेला, नेहमीच्या जागी बसली. तोंड समुद्राकडे.

"कपडे बदल गं. गारठशील."

लेइतूने हात मागे केला. फुआतिनोने त्यात कोरडी लुंगी दिली.

"काही दिसलं तुला तिथे?"

 त्या दिवसापासून ती बोललीच नाही. खांदे मात्र हलायचे, हसल्यासारखे.

समोर जाऊन बघायला कितीसा वेळ लागतो? पाच पावलं. फुआतिनोने ती पाच पावलं गुरुवारी टाकली नाहीत. दमलेय, म्हणाली. शुक्रवारी पहाटे सगळं गाव माळा घालून रिकाम्या पाण्यात उभं राहिलं आणि फुआतिनोचं चाळीस वर्षांचं नाव तिथे बुडालं. तालिंगी घरासमोर येऊन म्हणाली, "माझे खेकडे मीच खाणार आता, तुला नांगीसुद्धा देणार नाही." मग तिने पाठमोऱ्या लेइतूकडे पाहून हाक मारली, आणि दुसरी हाक न मारताच निघून गेली. लाउपामा तिला आत्या म्हणायचा थांबला. फुआतिनोला त्याचं वाईट वाटायला वेळ नव्हता. ती जेवणाचं पान पाठीमागून ठेवायची आणि वळायची. थोड्या वेळाने पान रिकामं असायचं. रिकामं असायचं म्हणजे, त्यावर काही नसायचं. कोण खायचं ते तिने पाहिलं नाही.

एकदाच ती केस बांधायला मागे बसली. केस उचलले. तीळ आता मोजण्यासारखे राहिले नव्हते. मानेवरून खाली लुंगीपर्यंत गेले होते. तिने केस हळूच परत खाली सोडले, पडदा सोडावा तसे.

तिला रात्रभर वाटत राहिलं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय.

९

शनिवारी दुपारी अलापाती आला.

बोटीच्या धक्क्यावरून येणारी बस गाव ओलांडून पुढे थांबायची, म्हणून तो नेहमी किनाऱ्याच्या वाटेने, समुद्राकडून वर यायचा. फुआतिनो खोपीच्या दारात होती. तिथून तिला लेइतूची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीपलीकडे वाट, आणि वाटेवर अलापाती. खांद्यावर अळूची पिशवी, हातात पावाचा डबा, पांढरी टोपी. लांबूनच दात दिसत होते.

फुआतिनोला वाटलं, ओरडून त्याला मागच्या बाजूने बोलवावं. तोंडही उघडलं तिने. पण मग दुसरा विचार आला, आणि तो वाईट होता, तो तिनेच केला: याला बघू दे. हा बघेल, मग मला कळेल. मला तिकडे जावं लागणार नाही.

"काय गं लेइतू," अलापाती खालूनच म्हणाला, "दारात बसून राहिलीस? की म्हातारीने हाकलून दिलं? चल, वहिनीने अळू शिजवलंय, खाज येईपर्यंत खा."

लेइतूचे खांदे हलले.

तो अजून चार पावलं आला. उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला. हसू तसंच होतं. मग त्याने डोळ्यांवरचा हात काढला.

"लेइतू?" तो म्हणाला. हाक मारताना आवाज जसा असतो तसा नव्हता तो. विचारताना असतो तसा होता.

तो डावीकडे सरकला. थांबला. मग उजवीकडे सरकला, वाट सोडून गवतात, मान पुढे काढून, जणू समोर काहीतरी आडवं आलंय आणि त्याच्या पलीकडचं बघायचंय. फुआतिनोने ते पाय ओळखले. गुरुवारी पाण्यात तिचे पाय असेच सरकत होते.

पावाचा डबा खाली पडला आणि उतारावरून घरंगळत समुद्राकडे गेला. त्याने तिकडे पाहिलं नाही.

अलापातीने मान वर केली आणि लेइतूच्या खांद्यावरून थेट खोपीच्या दाराकडे बघितलं.  ज्याला शब्द दिला होता त्याने नुसतं बघितलं.

आणि त्याच्या दोन डोळ्यांच्या अलीकडे, तिच्या आणि त्याच्या मधे जी पाठ होती, तीही फुआतिनोकडे बघत होती.

फुआतिनो आत गेली. चुलीकडे तोंड करून बसली, दोन्हींकडे पाठ करून. वारा डोंगराकडून होता, धूर समुद्राकडे चालला होता. थोड्या वेळाने तिच्या मानेवर, केसांच्या खाली, काहीतरी उघडल्यासारखं झालं, वाळूच्या कणाएवढं. मग त्याच्याखाली अजून एक.